तारीख पाकिटावर, माल डब्यात

"पाकीट फोडलं, रवा डब्यात ओतला, पाकीट चुलीत गेलं. आता तारीख कशी कळायची?" वाशीम, रिसोड, कारंजा, कुठेही चार बायामाणसं स्वयंपाकाबद्दल बोलायला बसली की हा प्रश्न निघतोच. त्यामागोमाग आणखी दोन येतात. 'एक्सपायरी' आणि 'बेस्ट बिफोर' एकच का? आणि तारीख उलटून आठच दिवस झालेत, टाकून द्यायचं की खायचं?

या तिन्ही प्रश्नांचं मूळ एका ठिकाणी आहे. पाकिटावरची तारीख अटीवर दिलेली असते. पाकीट बंद असेल आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवलेलं असेल, तरच ती खरी. तुम्ही पाकीट फोडलंत, किंवा मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलंत, तर कंपनीची तारीख संपली. पुढची तारीख तुम्हाला ठरवावी लागते.

पाकिटावर काय शोधाल

- तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख. 'एमएफजी' किंवा 'पीकेडी' या अक्षरांपुढे ती असते. डाळ, पोहे, रवा यांवर बहुधा 'पीकेडी' दिसते. ही तारीख पाकीट कधी भरलं ते सांगते, धान्य कधीचं आहे ते सांगत नाही. जानेवारीत निघालेल्या तुरीची डाळ ऑगस्टमध्ये पाकिटात भरली, तर त्यावर ऑगस्टच येणार.
- 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय'. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ही तारीख छापणं सक्तीचं केलं आहे. ती उलटल्यावर पदार्थाच्या दर्जाची आणि सुरक्षिततेची हमी राहत नाही, आणि तो विकताही येत नाही.
- 'बेस्ट बिफोर'. ही जादा माहिती आहे, छापणं ऐच्छिक. त्या तारखेपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा पूर्ण राहील एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर पदार्थ उतरतो, पण तो विषारी झाला असं नसतं.
- साठवणुकीची सूचना. सर्वांत बारीक अक्षरात आणि सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ. 'थंड व कोरड्या जागी', 'फोडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा', 'फोडल्यापासून अमुक दिवसांत संपवा'. तारखेच्या अटी याच ओळीत असतात.
- बॅच नंबर आणि १४ अंकी परवाना क्रमांक. रोजच्या वापरात यांचं काम पडत नाही. तक्रार करायची वेळ आली की यांच्याशिवाय चालत नाही.

तारीख वाचतानाची एक गफलत टाळा. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थांवर दिवस-महिना-वर्ष असं छापतात, त्याहून जास्त टिकणाऱ्यांवर महिना आणि वर्ष पुरतं. म्हणजे ०५/०६ हा ५ जून. पण अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या चॉकलेटवर तोच आकडा ६ मे असतो, कारण तिथे महिना आधी लिहितात. आणि कुठे 'पॅकिंगपासून ६ महिने' एवढंच छापलेलं असेल, तर हिशेब दुकानातच करा.

तारीख उलटली, आता?

दूध, दही, पनीर, लस्सी, मांस, मासे, केक आणि लहान मुलांचं डबाबंद अन्न यांबाबत विचारच करू नका. एक्सपायरी उलटली की टाकून द्या. अंगणवाडीतून घरपोच आहाराचं पाकीट मिळतं, त्यावरची तारीखही घेतानाच बघा, घरी गेल्यावर नाही.

बिस्किटं, चहा, पोहे, शेवया, मीठ, साखर अशा कोरड्या मालावरची फक्त 'बेस्ट बिफोर' उलटली असेल आणि पाकीट बंद असेल, तर ते उघडून डोळ्यांनी बघा आणि वास घ्या. गाठी, जाळं, ओल, खवट वास यांतलं काहीच नसेल तर वापरता येतं. तेल, शेंगदाणे, खोबरं आणि तीळ खवट लागले तर तारीख शिल्लक असली तरी वापरू नका. फुगलेला डबा किंवा फुगलेला पाऊच तर तारीख न बघताच बाजूला काढा.

'थोडं खाऊन बघू' ही पद्धत मात्र सोडून द्या. अन्न बिघडवणारे कितीतरी जंतू आणि बुरशीची विषं यांना ना चव असते ना वास. आणि आपण खात नाही म्हणून घरकाम करणाऱ्या बाईला देणं, हे कुणी करत असेल तर कृपा करून थांबवा. जे तुमच्या मुलाला चालत नाही ते तिच्या मुलालाही चालत नाही. बुरशी लागलेलं धान्य किंवा पेंड म्हशीलाही घालू नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तिच्या दुधात उतरतं, आणि ते दूध उकळूनही जात नाही.

'थंड व कोरड्या जागी' म्हणजे आपल्याकडे कुठे?

एप्रिल-मे मध्ये वाशीमचा पारा चाळिशीच्या वर असतो. जुलैत हवेत इतकी ओल येते की मीठ डब्यातून निघत नाही. थंड आणि कोरडी, अशा दोन्ही गुणांची जागा आपल्या घरात वर्षातून जेमतेम तीन-चार महिने सापडते. म्हणून जागा ऋतूप्रमाणे बदला.

उन्हाळ्यात गॅसवरची फळी आणि माळा ही सर्वांत वाईट ठिकाणं. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत मसाल्याचे डबे नेमके तिथेच असतात. ते खालच्या फळीवर किंवा मधल्या खोलीत हलवा. फ्रीजच्या मागची बाजूही गरम असते, तिथे तेलाचा पिपा नको. पावसाळ्यात उलट करा: खालची फळी आणि ओल धरणारी भिंत सोडा, डबे वर घ्या, पोती लाकडी पाटावर भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

दुकानदाराची जागाही बघा. तेलाचे पाऊच, चिवड्याची पाकिटं, थंड पेयं दारात उन्हात टांगलेली असतील तर आतला माल मागा. त्यावरची तारीख सावलीतल्या मालासाठी ठरवलेली असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. पाकीट फेकण्याआधी तारखेचा तुकडा कात्रीने कापा आणि डब्याच्या बाहेरून चिकटवा. शेजारी मार्करने पाकीट फोडल्याची तारीख लिहा. यासाठी एक मिनिटही लागत नाही. आणि जुन्या रव्यावर नवा रवा ओतू नका. डबा रिकामा करा, धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, मगच भरा. किडीची अंडी बुडाला चिकटून राहतात आणि नव्या मालात फुटतात.

फोडल्यानंतरचा अंदाज साधारण असा धरा:

- बाजरीचं पीठ उन्हाळ्यात आठवड्याभरात कडवट होतं. चक्कीवरून थोडं थोडं दळून आणा. गव्हाचं पीठ महिनाभर चालतं, पण दळून आणलेलं गरम पीठ लगेच झाकू नका.
- शेंगदाण्याचा कूट, जवसाची आणि कारळाची चटणी यांत तेल असतं, ती खवटते. पंधरा दिवसांपुरतीच करा, जमेल तर फ्रीजमध्ये ठेवा.
- टेट्रापॅकचं दूध बंद असताना बाहेर चालतं. एकदा फोडलं की फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.
- लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की वर्षाची मेहनत गेली.

भगर: इथे जास्त काळजी घ्या

२० फेब्रुवारी २०२४. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताह होता. एकादशीचा प्रसाद म्हणून भगर आणि आमटी वाढली गेली, आणि दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली. बिबीच्या रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत; बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. ती छायाचित्रं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडेही सप्ताह होतात, पंगती उठतात, एकादशीला घराघरांत भगर शिजते. म्हणून हा विषय परका मानू नका.

महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र आले की अन्न व औषध प्रशासन भगरीबद्दल सूचना काढतं. त्यामागचं कारण समजून घ्या. वरईच्या दाण्याला ओलसर, कोंदट जागेत अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी लागते आणि ती विष तयार करते. दाणा इतका बारीक की बुरशी डोळ्यांना चटकन दिसत नाही. दळून पीठ केलं तर दिसण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि पीठ ओलही लवकर धरतं. त्यात माणूस दिवसभर उपाशी असतो, आणि रिकाम्या पोटी आधी हेच जातं.

- भगर बंद पाकिटातली घ्या. पॅकिंगची तारीख, एक्सपायरी आणि परवाना क्रमांक बघूनच. सुटी, पोत्यातली, स्वस्त भगर टाळा.
- भगरीचं पीठ विकत आणू नका. लागेल तेवढी भगर स्वच्छ करून, धुऊन, वाळवून घरीच दळा आणि त्याच दिवशी वापरा.
- गेल्या शिवरात्रीची उरलेली भगर आषाढीला काढू नका. आपल्या घरांत नेमकं हेच होतं, कारण ती उपासाखेरीज कुणी खात नाही. पाव किलो लागत असेल तर पाव किलोच आणा.
- शिजवलेली भगर गरम असतानाच खा. सकाळची संध्याकाळी नको.
- सप्ताहाच्या किंवा भंडाऱ्याच्या आयोजकांनी माल बिल घेऊन आणावा, एक पाकीट न फोडता ठेवावं, आणि पंगत बसण्याआधी चार-चार तास अन्न शिजवून ठेवू नये.

खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, गरगरणं सुरू झालं तर घरच्या उपायांत वेळ घालवू नका. साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस देत राहा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, रुग्णवाहिकेसाठी १०८. उरलेलं अन्न आणि पाकीट फेकू नका, झाकून ठेवा. तपासणीला तेच लागतं.

वर्षाचं धान्य: ज्यावर तारीखच नसते

आपल्या जिल्ह्यात तूर, हरभरा, गहू घरचाच असतो. पोत्यावर कुणी तारीख छापत नाही, त्यामुळे इथे तुम्हीच कंपनी.

धान्य पुरेसं वाळलं का, हे बघायची सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल आहे, आणखी ऊन द्या. आणि उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच कोठीत कोंबू नका. झाकणाखाली वाफ धरते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. रात्रभर घरात पसरू द्या, सकाळी भरा.

तुरीला भुंगा लागतो तो बहुतेकदा शेतातूनच येतो. शेंगेवर अंडं घातलेलं असतं, ते पुढे पोत्यात फुटतं. अख्ख्या तुरीवर तो जेवढा वाढतो तेवढा डाळीवर वाढत नाही, म्हणून घरची तूर वर्षभर अख्खी ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यातच डाळ करून घ्या. डाळीला एरंडेलाचा हलका हात लावायची आपली पद्धत चांगली आहे. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घाला. ओला पाला धान्यालाच ओल देतो. बिब्बे टाकत असाल तर फडक्यात पुरचुंडी बांधून टाका. सुटा बिब्बा दळणात गेला तर तोंड भाजून निघतं.

पुढच्या चार गोष्टी मात्र करू नका:

- अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात ठेवू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे या गोळ्या म्हणजे जिवाशी खेळ.
- पारद टिकड्या आणि बोरिक पावडर धान्यात मिसळू नका. पारा विषारी आहे, आणि बोरिक पावडर अन्नात चालणारा पदार्थ नाही.
- खताचं पोतं किंवा फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात धान्य, तेल, पाणी भरू नका. सोयाबीन-कपाशीच्या घरांत असे डबे खूप जमतात. त्यांना भोकं पाडा, म्हणजे मोह होणार नाही.
- बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून, भाजून वापरू नका. भाजल्याने अफ्लाटॉक्सिन जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा सरळ बाहेर.

कुरडया, पापड, मूगवड्या, सरगुंडे वाळले की डब्यावर महिना आणि वर्ष लिहा. दोन वर्षांच्या कुरडया एकाच डब्यात गेल्या की कोणती जुनी हे करणारीलाही सांगता येत नाही.

शिजवलेलं अन्न, फ्रीज आणि गेलेली वीज

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा जगभर मानलेला नियम. हवा ३२ अंशांच्या वर गेली की तो एका तासावर येतो. म्हणजे मार्च ते जून आपल्यासाठी नियम एका तासाचा. मोठं पातेलं तसंच निवत ठेवू नका. वरण, भाजी पसरट भांड्यांत काढा, ती परातीत पाण्यावर ठेवा, वाफ गेली की फ्रीजमध्ये ठेवा.

सर्वांत जास्त सांभाळायचा तो भात. त्यातले काही जंतू शिजवूनही बीजरूपात टिकतात आणि भात बाहेर राहिला की वाढून विष सोडतात. सकाळी फोडणी दिल्याने ते विष जात नाही. रात्रीचा भात फोडणीला टाकायचा असेल तर तो रात्रीच फ्रीजमध्ये गेलेला हवा.

फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. आतलं तापमान ५ अंशांच्या आत हवं. शिजवलेलं वर झाकून, कच्चं मांस आणि मासे सर्वांत खाली. दाराच्या कप्प्यात गारवा सर्वांत कमी असतो, तिथे दूध ठेवू नका. बटाटे आणि कांदे फ्रीजमध्ये नकोत, आणि दोन्ही एका टोपलीतही नकोत. हिरवे पडलेले बटाटे टाकून द्या.

वीज गेली की आधी दार बंदच ठेवा. न उघडलेला फ्रीज साधारण चार तास गार राहतो, भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांच्यासाठी आपल्या उन्हाळ्याची कोरडी हवा कामाची आहे: ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात पालेभाजी दोन दिवस ताजी राहते, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा हा उपाय चालत नाही. त्या दिवसांत लागेल तेवढंच आणावं, हेच खरं.

दुकानात आणि दुकानानंतर तुमचे हक्क

- एक्सपायरी उलटलेला माल विकणं बेकायदा आहे, सवलतीतसुद्धा. तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर माल घेऊ नका. आधी फोटो काढा.
- सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती केव्हापर्यंत खावी ही तारीख लावावी, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. त्यांच्याच मार्गदर्शनानुसार कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ले दोन दिवसांत, पेढे-बर्फी चार दिवसांत संपवायची. पाटी नसेल तर विचारा.
- ऑनलाइन मागवलेल्या खाद्यपदार्थाचं किमान ३० टक्के आयुष्य, किंवा एक्सपायरीला ४५ दिवस, शिल्लक असले पाहिजेत, असं प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे.
- 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे.
- संशय असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार तुम्ही स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकता. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. माल नियमात बसणारा नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं.
- रेशनचं धान्य खराब असेल तर १९६७ वर कळवा.

तक्रारीसाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा नि:शुल्क क्रमांक १८००-२२२-३६५, केंद्रीय प्राधिकरणाचा १८००-११-२१००, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखीही देता येते. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे अर्जाचं शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा विचारतात ते बिल. आपल्या बाजारात ओळखीच्या दुकानदाराकडे बिल मागायला जीभ रेटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मागा. त्याच २०१९ च्या कायद्यात, मागूनही बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे.